शेकायला आलेलं

१

एकोणसाठ सालच्या पौषात कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अशी थंडी पडली, की सुपारीच्या बागांतून सकाळी नऊ वाजेपर्यंत दहिवर टपटपत राही आणि ओटीवर ठेवलेलं खोबरेल तेल बाटलीत दगडासारखं थिजून बसे. दिवेआगरपासून खाडीच्या अंगाला दोन कोसांवर आगरवाडी आहे. तिथे मुंबईकरांच्या मंडळाने चालवलेला एक लहानसा दवाखाना होता. एक डॉक्टर, शिवदास नावाचा कंपाउंडर आणि सगुणा नावाची आया, एवढाच त्याचा पसारा.

सगुणा बेचाळीस वर्षांची होती. नवरा तापाने जाऊन आठ वर्षं झाली होती. गावातली तरणी माणसं मुंबईला गिरण्यांत आणि गोदीत. मागे राहिलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरोघरी जाऊन त्यांना पुसायचं, पेज भरवायची, घाण काढायची, हे काम तिच्याकडे होतं. पोटची मुलं करणार नाहीत अशी कामं ती नाकाला पदर न लावता करी.

थंडी वाढली तसं डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं.

"हे बघा सगुणाबाई, पडून असलेल्या माणसाला ही हवा मारते. समुद्राकडच्या खिडक्यांना गोणपाट लावा. अंगाखाली पेंढा पसरा. सकाळी गरम पेज पोटात गेलीच पाहिजे. शेगडी विझू द्यायची नाही, पण दार फटभर उघडं ठेवा, कोंडलेल्या धुरानं माणूस झोपेत जातं. आणि तुम्ही स्वतः पायात काहीतरी घाला. तुम्ही पडलात तर यांना कोण बघणार?"

सगुणाने सगळं ऐकलं आणि सगळं केलं. पायात मात्र काही घातलं नाही.

तिच्या फेरीत तीन घरं होती. देवळाच्या तळ्यापाशी बाबाजी म्हातारा. सुरूच्या बनाला लागून बायजा, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. आणि खालच्या वाडीत अंबाजी, ज्याची डावी बाजू वारं जाऊन लुळी पडली होती. या तिघांच्याही हाताला काडी ओढणं जमत नसे. म्हणून सगुणा बाबाजीकडे करवंट्यांचा विस्तव करी, त्यातले चार निखारे खापरात घेऊन बायजाकडे जाई आणि तिथले चार घेऊन अंबाजीकडे. एका घराची ऊब अशी तिन्ही घरांत पोचे.

२

त्या मंगळवारी बाबाजीच्या घरात शिरल्यावर तिला आधी काही वेगळं वाटलं नाही. शेगडी बाजेशेजारी होती, निखारे लालभडक होते. फक्त बाबाजी बाजेच्या मधोमध नव्हता. भिंतीला पाठ चिकटवून, अंग चोरून, अर्ध्या बाजेवर झोपला होता. उरलेली अर्धी बाज रिकामी आणि गोधडी त्या रिकाम्या बाजूला ओढलेली.

"बाबा, असं का निजलाव? अंगावर घ्या की."

"असू दे. माजं चाललंय."

तिने पेजेचं पातेलं शेगडीवर ठेवलं आणि त्याला पुसायला घेतलं. त्याची कातडी विहिरीतल्या दगडासारखी गार होती. पुसून झालं, पेंढा बदलून झाला, तरी पेजेला वाफ दिसेना. तिने बोट बुडवलं. पेज थंडगार. तिने निखाऱ्यांवर तळहात धरला. काहीच लागेना. आपले हातच बधिर झालेत, ती स्वतःशी म्हणाली, पहाटेपासून गार पाण्यात असतात, कळणार कसं?

"थंडी वाजते का हो बाबा?"

"मला न्हाय," बाबाजी म्हणाला. "त्याला वाजते."

म्हातारपणी माणूस असं बरळतं. तिने आणखी करवंट्या घातल्या. त्याची शेगडी उणी होऊ नये म्हणून दोन दिवस तिने तिथले निखारे नेले नाहीत, बायजाकडे काडी ओढून विस्तव केला.

गुरुवारी ती आली तेव्हा बाबाजी गेलेला होता. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. शेगडी रसरसलेली होती. तिने शेजारच्याला दवाखान्यात पिटाळलं. मग तिच्या मनात आलं, बायजा आंधळी तिकडे कुडकुडत बसली असेल. मयताच्या घरातला विस्तव दुसऱ्या घरी नेत नाहीत, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण डबीतल्या काड्या दहिवराने सादळल्या होत्या आणि म्हातारीचा जीव मोठा की रीत मोठी, असं म्हणून तिने चार निखारे खापरात घेतले आणि ती सुरूच्या बनाकडे चालू लागली.

३

बायजा ओटीवर बसून असे. पावलांवरून माणूस ओळखायची. सगुणा अंगणात आली तशी ती म्हणाली, "आलीस गो सगुणे? आनि संगं कोन आनलंस?"

"संगं कोन न्हाय आजे."

"हाय की. उंबऱ्यापाशी उभं हाय." म्हातारीने कान वळवला. "दात वाजतायत बघ कसे. आत घे गो त्याला. गारठलं असंल."

सगुणाने मागे पाहिलं. अंगणात सुरूची वाळलेली फळं पडली होती आणि वाऱ्याने एकमेकांवर घासत होती. तोच आवाज. कट, कट, कटकट. तिने केरसुणी घेतली आणि सगळी फळं लोटून कुंपणाबाहेर टाकली. परत आत आली तेव्हा आवाज घरात होता. दाराच्या कडीचा असेल, ती म्हणाली, आणि कडीला चिंधी बांधली.

पुढचे चार दिवस बायजाच्या घरात पाणी तापेना, म्हणून तिथले निखारे न उचलता सगुणा अंबाजीकडे काडी ओढून विस्तव करी. म्हातारी कुरकुर करत नसे, पण तिचे ओठ जांभळे पडले.

"सगुणे, गोदडी कोन वडतंय गो?"

"कोन वडनार? तुमीच कूस बदलता."

"मी हलत पन न्हाय. मी आपली कडंला सरून निजते, त्याला जागा करून."

सगुणाने डॉक्टरांना सांगितलं. ते येऊन गेले, म्हातारीच्या काखेत काचेची नळी ठेवून पारा पाहिला, नळी झटकली, पुन्हा ठेवली, आणि नळी बिघडली म्हणाले. आणखी एक घोंगडी पाठवतो म्हणाले.

४

सगुणाच्या घरी तिची लेक राही पहिलटकरीण म्हणून बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली होती, अठरा दिवसांची. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असे. मायलेकी त्या धगीवर चांगल्या शेकून निघत. सगुणा दिवसभर परक्यांची घाण काढून यायची, आंघोळ करायची आणि नातीला मांडीवर घेऊन तिच्या टाळूला तेल लावत बसायची. तेवढी एक घटका तिची स्वतःची.

रविवारी तिन्हीसांजेला ती बायजाकडे शेगडी भरून अंबाजीकडे जायला निघाली, तोच शेजारीण निरोप घेऊन आली, "तुज्या घरातली बाजेखालची शेगडी इझली गो. राही हाका मारते." सगुणाने घाईघाईने बायजाच्या शेगडीतले चार निखारे खापरात घेतले, घरी आणून बाजेखाली घातले आणि वर कोळसे रचले. अंबाजीकडे त्या दिवशी ती गेलीच नाही.

सकाळी राहीने हाक मारली. "आये, ही पीत न्हाय गो. रडत पन न्हाय."

पोरीचे पाय सगुणाने हातात घेतले. तळव्यापासून गुडघ्यापर्यंत गार. नखं निळी. बाजेखाली शेगडी अशी लाल, की भिंतीवर तिचा उजेड पडला होता. आणि राही, अंगावर दोन गोधड्या घेऊन, पोरीला छातीशी धरून, बाजेच्या अगदी कडेला आली होती.

"मधी नीज की, पडशील."

"मला काय म्हाईत? निजेत सरकले असंन."

सगुणा खाली वाकली. बाजेखालच्या अंधारात कोणाचे तरी दात वाजत होते. तिथे कडी नव्हती आणि सुरूची फळंही नव्हती. तिने हात घालून एक निखारा उचलला. तो तिच्या तळहातावर लाल धगधगत राहिला आणि तिला नदीतल्या गोट्यासारखा लागला. थंड.

तिने ती शेगडी तशीच उचलली आणि धावत खाडीवर नेऊन पाण्यात पालथी केली. निखारे चुरचुरले, वाफ वर आली. आता जाईल, असं तिला वाटलं. ती वळली. बांधावरून दहा पावलं आली असेल-नसेल, तो मागून आवाज सुरू झाला. कट, कट. ती थांबली की तो थांबे. बांध दोन्ही बाजूंनी उघडा होता, ऊन पडलेलं होतं, आणि मागे कोणी नव्हतं.

घरात शिरताना तिच्याआधी काहीतरी आत गेलं. तिला दिसलं काही नाही. फक्त राही शहारली आणि म्हणाली, "दार लाव ना आये."

ती बायजाकडे गेली. आंधळीच्या अंगावर नुसतं लुगडं होतं, घोंगडी बाजूला पडली होती, आणि गाल चक्क तांबूस.

"काल तू इस्तव न्हेलास ना, तवापासून घरात काय ऊब हाय म्हनून सांगू!"

सगुणा उंबऱ्यावरच बसली. तिला सगळं कळलं होतं. कळल्याचं तिला बरं वाटलं नाही. ते विस्तवामागून येत होतं. पाण्यात टाकून ते जाणार नव्हतं. त्याला विस्तव हवा होता आणि विस्तवाशेजारी माणूस हवं होतं. दोन्ही मिळालं की ते तिथे वस्ती करी. नातीला वाचवायचं तर त्याला कुणाच्या तरी घरी पोचवणं भाग होतं.

कुणाच्या, हे ठरवायला तिला फार वेळ लागला नाही.

५

अंबाजी ऐन उमेदीत मुंबईला गोदीत मुकादम होता. हमालांना लाथा घालून काम घेई. वारं गेल्यावर मुलाने त्याला इथे आणून टाकलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. उजवा हात आणि जीभ, एवढंच त्याचं चालत होतं, आणि दोन्ही तो सगुणावर चालवी. पेज तिच्या तोंडावर थुंकलेली. तांब्या फेकून मारलेला. तिच्या भुवईवर तीन टाके पडले होते. "रांडमुंड, नवरा खाल्लास, आता मला खायला आलीस," हे तर रोजचं.

सोमवारी दुपारी ती घरच्या बाजेखाली नव्याने पेटवलेल्या शेगडीतले निखारे खापरात भरून त्याच्या घरी आली. वाटभर तिने मागे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"काल कुठं मेली होतीस?" अंबाजी ओरडला. मग तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिला. त्याचं वाकडं तोंड हळूहळू मिटलं.

सगुणाने शेगडी भरली. करवंट्या रचल्या. त्याच्या अंगाखाली पेंढा घातला, तोंड पुसलं, गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. सगळं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे.

"ह्याला कशाला आनलंस?" तो हळू म्हणाला.

"कोनाला?"

"सगुणे. मी बघतोय. खोटं नको बोलूस." तो अजून दाराकडेच बघत होता. "दुसरीकडं न्हे. त्या आंधळीकडं न्हे. तिला दिसनार पन न्हाय."

"तिच्याकडनंच आनलंय."

शेगडीतल्या करवंट्यांनी पेट घेतला, खोलीत तांबडा उजेड नाचला, आणि दोघांच्या तोंडातून वाफ निघू लागली.

"तुज्या घरात बाळंतीन हाय," तो म्हणाला.

"व्हय."

"म्हंजे मी."

तिने खापर उचललं, बाहेर आली, दार ओढलं. फटभरसुद्धा उघडं ठेवलं नाही. बाहेरून कडी लावली.

आतून आधी शिव्या आल्या. नवऱ्यावरून, लेकीवरून, सगळ्यावरून. मग तो नुसता "सगुणे, सगुणे" म्हणू लागला. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, "सगुणाबाय." "सगुणाबाय, कडी काढ गो. मी काय बोलनार न्हाय परत."

ती कडीला धरून उभी राहिली. भुवईवरची खूण तिने चाचपली, कडी काढायला हात उठू नये म्हणून. हाका थांबल्या. आणि मग अंबाजीचा आवाज आला, पण तो अंबाजीचा वाटेना. दारावर आलेल्या भुकेल्या जनावराला माणूस चुचकारतं तसा.

"ये. ये हितं. मी सरकतो."

६

दाराच्या फळ्यांमध्ये बोटभर भेग होती. तिने डोळा लावायला नको होता.

अंबाजी भिंतीकडे सरकला होता. एका चालत्या हाताने तो कसा सरकला कोण जाणे. त्याच हाताने त्याने गोधडीची कड उचलून धरली होती. बाजेची दोरी करकरली, जणू कोणी गुडघा टेकला. गोधडी फुगली. फुगतच गेली, एका माणसाला लागते त्याहून जास्त. अंबाजीने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे गच्च मिटले.

सगळं आत मावलं नाही. एक पाऊल बाहेर राहिलं. ते लहान नव्हतं. तळवा पांढराफटक होता, फार दिवस पाण्यात राहिलेल्या कातडीला पडतात तशा सुरकुत्यांनी भरलेला, आणि तो शेगडीच्या बाजूला वळलेला होता, शेकायला. अंगठा निखाऱ्यांत टेकला होता.

मग ते पाऊल सावकाश आत ओढलं गेलं.

७

संध्याकाळी नातीने दूध ओढलं, आणि राहीच्या कपाळावर घाम आला.

अंबाजी मेला नाही. सकाळी सगुणा कडी काढून आत गेली तर तो डोळे उघडे ठेवून पडला होता, भिंतीला चिकटून. ओठ काळे. तिच्याकडे बघितलं, बोलला नाही.

तिथेच तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. बाबाजी मेला तेव्हा ते तिच्या खापरामागून पुढच्या घरी आलं होतं. अंबाजी मेला तर त्याला तिथे माणूस उरणार नाही, आणि ते तिच्यामागून पुन्हा तिच्या घरी येणार. म्हणजे अंबाजीला मरू देऊन चालणार नव्हतं.

त्या दिवसापासून तिने त्याची अशी सेवा केली, की गावात नाव झालं. त्याच्या घरात काही तापत नसे म्हणून घरून उकळती पेज पदराखाली झाकून आणायची आणि दारातून आत शिरताच भरवायची. दोन वेळा तेल लावायचं. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस बदलायची, नेहमी भिंतीच्याच बाजूला. आणि शेगडी कधी विझू द्यायची नाही. आता ती तिथून विस्तव नेत नसे. बायजाकडचा डबीतली काडी ओढून वेगळा करी.

दहाव्या दिवशी तो बोलला. "आज नको घालू कोळसे."

तिने घातले.

"इझू दे गो. मी जातो. मला जाऊ दे."

"थंडी सरली की बरं वाटंल तुमाला," ती म्हणाली आणि चमचा त्याच्या दातांत घातला. त्याने तोंड मिटलं तेव्हा तिने त्याचं नाक दाबलं. पेज आत गेली.

माघाच्या शेवटी डॉक्टर फेरीवर आले. खोलीत शिरताच त्यांनी कोटाची बटणं लावली. अंबाजीची नाडी पाहिली, पाठ पाहिली, एक फोड नाही. "सगुणाबाई, हा माणूस जगला तो केवळ तुमच्यामुळे," ते म्हणाले. "मी मंडळाला लिहिणार आहे." अंबाजी डॉक्टरांचा हात सोडेना. त्याला काहीतरी सांगायचं होतं. जीभही आता जड झाली होती. डॉक्टरांना वाटलं, तो आभार मानतोय. त्यांचे डोळे पाणावले.

शिमग्यानंतर राहीचा नवरा आला आणि मायलेकींना पालीकडे घेऊन गेला. पोरगी बाळसं धरून टुमटुमीत झाली होती. सगुणा एस्टी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली आणि मग अंबाजीची पेज करायला परतली.

८

तो वैशाखात गेला, भर दुपारी, बाहेर नारळाच्या झावळ्या उन्हाने करपत असताना. कुडकुडत गेला. मोजून चौघं त्याला न्यायला आले, आणि उचलताना एकाने दुसऱ्याला म्हटलं, "काय जड हाय रे हा. दोघांएवढा."

सगुणाने शेगडी विझवली, बाज उन्हात टाकली, घर झाडलं आणि आंघोळ करून आपल्या घरी आली. आता इथे कोणी बाळंतीण नव्हती, तान्हं नव्हतं. एकटीपुरता भात तिने चुलीवर ठेवला. आग चांगली लागली होती. उन्हाळ्याची संध्याकाळ, अंगाची लाही व्हावी अशी. ती भिंतीला टेकली आणि तिचा डोळा लागला.

उठली तेव्हा काळोख पडायचा होता. भात बघितला. तांदूळ पाण्याच्या तळाशी कच्चे पडले होते. चूल धडधडून पेटलेली होती आणि सगुणाच्या हातावर काटा होता. पाठीमागे, अगदी कानाशी, दात वाजायला लागले.

आता वाचवायचं होतं ते स्वतःलाच. नात सुखरूप होती, लेक सुखरूप होती. ती बेचाळीस वर्षांची होती, आणि मागे रडणारं आता कोणी घरात नव्हतं. ती जागच्या जागी थोडी सरकली. बाजूला, भिंतीकडे, सहज. सरकल्याचं लक्षात आलं तशी ती ताडकन उठली.

तिने खापर शोधलं. चुलीतले चार निखारे त्यात घातले, वर करवंटीचा तुकडा ठेवला आणि बाहेर पडली. सुरूच्या बनाची वाट तिने चालायला घेतली तेव्हा लोक ओट्यांवर पंख्याने वारा घेत बसले होते. "दमत न्हाईस गो तू," कोणीतरी कौतुकाने म्हणालं.

बायजा उघड्या अंगणात पडली होती. पावलं ऐकून उठून बसली.

"सगुणे? आता अवेळी?"

"चला, आत चला आजे. बाज आत टाकते."

"आत? ह्या उकाड्यात?" म्हातारी हसली, पण तिने हात पुढे केला, आणि सगुणाने तो धरून तिला आत नेलं. बाजेवर बसवलं. गोधडी घातली. शेगडी जवळ ओढली आणि निखारे ओतले. बायजाने चेहरा त्या बाजूला वळवला. नाक फुलवून कोळशाचा वास घेतला.

"इस्तव कशाला गो, वैशाखात?"

सगुणा तिच्या पायांवरची गोधडी नीट करत होती. हात न थांबवता ती म्हणाली,

"डॉक्टरांनी सांगितलंय, आजे."

"मंग असू दे," बायजा म्हणाली आणि शहाण्या पोरासारखी आडवी झाली.